बाराच्या आत

सेंट ऑबिन, मेन
रविवार, १० मार्च १९९१

आर्विलाबाई,

हे पत्र टेबलाच्या वरच्या खणात ठेवते आहे. मुद्दाम फळ्यावर लिहिते तसं सुटं, मोठं अक्षर काढलंय. गेल्या खेपेच्या बदलीबाईंनी "तुमचं अक्षर लागलं नाही" असं सांगून आठवडाभर मुलांकडून नुसती चित्रं रंगवून घेतली होती. ती सबब यावेळी नको.

उद्यापासून मी कोर्टात. ज्युरीत माझं नाव निघालं. मी न्यायाधीशांना सांगून पाहिलं, "साहेब, माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे. याच महिन्यात मुलं वाचायला लागतात. आत्ता त्यांना सोडलं तर सगळं वर्ष वाया." ते म्हणाले, "बाई, तुमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या गाई व्यायला झाल्यात. त्यांनाही मी सोडलेलं नाही." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

वखारीच्या आगीचा खटला आहे, हे गावाला ठाऊकच आहे. त्यापलीकडे मी एक अक्षर बोलायचं नाही आणि तुम्हीही मला काही कळवायचं नाही. आम्ही चौदाजण बसणार, पण निकाल बाराचजणांनी द्यायचा. शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या काढून दोघांना वगळतात. कोण वगळणार ते आधी सांगत नाहीत, म्हणजे सगळेच कान देऊन ऐकतील.

आता आपल्या कराराची गंमत. रजा भरपगारी आहे, त्यासाठी युनियनने पूर्वी डोकं फोडून घेतलंय. पण कोर्टाने बाराच्या आत सोडलं, तर त्याच दिवशी शाळेत येऊन वर्ग घ्यायचा. म्हणजे मी कधी दारात उभी राहीन, सांगता येत नाही. मी आले की तुम्ही घरी. मुख्याध्यापक टिबेट्ससरांनी हे कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं, जसं काही मीच आग लावली.

बाकं रांगेत आहेत, ती तशीच राहू द्या. वाचनाचे गट भिंतीवर लावलेत, तेही बदलू नका. ओले हातमोजे वाफेच्या नळावर वाळत घालायचे, पुस्तकांच्या कपाटावर नाही.

जोझेट सीरबद्दल. खिडकीजवळचं शेवटचं बाक. घरी आजोबांशिवाय कोणी नाही. पुस्तक दिलं की ती ते उलटं धरते. सरळ करून दिलं की तोंड फिरवते. तिच्यावर फार वेळ घालवू नका, ती या वर्गात टिकणार नाही. एप्रिलमध्ये तपासणीला जिल्ह्याच्या बाई येतील तेव्हा तिला हॅमंड फॉल्सच्या, मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात पाठवायचं ठरेल. माझा अहवाल मी नाताळानंतरच दिला आहे.

रोलांद पिनेट


बुधवार, १३ मार्च

पिनेटबाई,

तुमचं पत्र वाचलं. अक्षर लागलं. इतकं लागलं की चष्मा काढून वाचलं.

माझ्याबद्दल सांगायचं तर, माझे केस काळे होते तेव्हापासून मी या शाळेत बदलीवर येते. टिबेट्स इथे विद्यार्थी होता तेव्हा त्याच्या वर्गावरही दोन दिवस गेले होते. तेव्हाही तो नियमच वाचून दाखवायचा. माझ्याजवळ पदवी नाही, म्हणून कायमची नेमणूक नाही. पण पहाटे फोन वाजला की "आर्विला, आज येता का?" आणि मी निघते. कुठला वर्ग ते गाडीतून उतरल्यावर कळतं.

मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही खऱ्या बाई की बदलीबाई?" मी म्हटलं, "बदलीबाई. खऱ्या बाई कोर्टात गेल्यात." मागून एकजण ओरडला, "त्यांनी काय केलं?" तेव्हापासून अर्ध्या वर्गाची समजूत आहे की तुम्हाला पकडून नेलंय. मी समजावते आहे, पण त्यांना माझं म्हणणं फार मिळमिळीत वाटतं.

बाकं मी गोल लावली आहेत. रांगेत लावली की मला मागच्यांचं ऐकू येत नाही, आणि मागचे तेच बघून तिथे बसतात. रागावू नका.

जोझेट शांत आहे. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते आणि डब्यातली धिरडी मला देते. तिचे आजोबा करतात म्हणे. चांगली जाळीदार असतात.

आर्विला ब्रॅगडन


शुक्रवार, १५ मार्च

आर्विलाबाई,

आज काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. एका वकिलाला ताप भरला म्हणून कोर्टाने अकराच्या आधीच सोडलं. चिखलातून गाडी हाकत शाळेत आले, तर वर्ग माझा वाटेना. मुलं गोलात बसलेली, मला पाहून एकजण म्हणाला, "सुटलात?" तुम्हाला अर्ध्या गोष्टीतून उठून जावं लागलं. मुलं विचारत होती, अस्वलाचं पुढे काय झालं. मला कुठलं अस्वल माहीत!

तुमचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता. पण तुम्ही कोट घालताना जे तोंडातल्या तोंडात बोललात ते मी ऐकलं. ते मला होतं की टिबेट्ससरांना, ते विचारत नाही.

बाकं पुन्हा रांगेत लावली आहेत. माझ्या मागे वर्गाची घडी विस्कटली तर जूनमध्ये मुलांना दुसरीत काय तोंडाने पाठवू? तिकडे दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचं ऐकायचं, मान हलवायची नाही, प्रश्न विचारायचा नाही. इकडे यायचं तर माझ्याच वर्गात मला पाहुणी करून टाकलेलं. वैताग आला आहे.

रोलांद पिनेट


बुधवार, २० मार्च

पिनेटबाई,

ते टिबेट्सला होतं. निवांत झोपा.

बाकं रांगेतच आहेत. अस्वल शेवटी गुहेत परत गेलं, काळजी नसावी.

आता एक महत्त्वाचं, आणि कृपा करून पूर्ण वाचा. जोझेट वाचते. नुसती अक्षरं ओळखत नाही, घडाघडा वाचते. पण उलटं. म्हणजे पान तिच्याकडे डोकं खाली करून असलं की वाचते. ती पुस्तक उलटं धरते ना, ते खेळ म्हणून नाही. तिला तसंच वाचता येतं. आपण सरळ करून देतो आणि तिचं वाचलेलं पान हिसकावून घेतो.

मी काल शाळा सुटल्यावर तिच्या आजोबांकडे जाऊन आले. स्वयंपाकघरात एकच खिडकी, तिच्याकडे पाठ करून म्हातारा बसतो, म्हणजे उजेड पेपरावर पडावा. रोज सकाळी ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचतो. पोरगी समोर बसून धिरडी खाते आणि त्याच्या बोटाकडे बघते. चार वर्षांची असल्यापासून. ती वाचायला शिकली ती अशी, टेबलाच्या पलीकडून. म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग वाचतेच ना ती! शाळेत सांगत नाही का?"

मी टिबेट्सला सांगायला गेले. "आर्विला, बदली शिक्षकाचा अहवाल धरत नाहीत. काय असेल ते पिनेटबाईंच्या चिठ्ठीत लिहा," म्हणाला. म्हणून लिहिते आहे. तुम्ही त्याला फोन करा.

आर्विला


रविवार, २४ मार्च

आर्विलाबाई,

तुमचा जिव्हाळा कळतो. पण पहिलीला बारा वर्षं शिकवल्यावर मला एवढं कळतं की मुलं पाठ करतात. आजोबांनी वाचलेलं, शेजारच्याने वाचलेलं, चित्र पाहून आठवलेलं. मागे एक मुलगा अख्खं पुस्तक "वाचायचा", आणि पान उलटायला विसरायचा.

जोझेटला मी सप्टेंबरपासून पाहते आहे. किती वेळा पुस्तक सरळ करून दिलं असेल! एकदाही तिने तोंड उघडलं नाही. अहवाल घाईने लिहिलेला नाही. जिल्ह्याच्या बाई बुधवारी, १७ एप्रिलला दुपारी एक वाजता येताहेत. त्यांचा पुढचा फेरा थेट पानगळीत. तेव्हा आता शंका काढून तो दिवस वाया घालवायची माझी तयारी नाही. वेगळ्या वर्गात तिला समजून घेणारं माणूस मिळेल, हे तिच्या भल्याचंच आहे.

तुम्ही काय वाचायला दिलं होतंत, एवढं तरी सांगा. वर्गातलं पुस्तक असेल तर ते तिने वीसदा ऐकलेलं आहे.

रोलांद पिनेट


बुधवार, २७ मार्च

पिनेटबाई,

काय वाचायला दिलं होतं ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्हीच विचारलंत, आता ऐका.

मी काहीच दिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मंगळवारी सुट्टीत टेबलाशी बसून तुमचं पहिलं पत्र पुन्हा वाचत होते. हातमोज्यांचं काय म्हटलंय ते बघायला. जोझेट समोर येऊन उभी राहिली, धिरड्याचा डबा घेऊन. मला वाटलं माझ्या तोंडाकडे बघते आहे. ती टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. आणि म्हाताऱ्यासारखी बोट फिरवत, अगदी त्याच्याच चालीत मोठ्याने म्हणाली:

"तिच्यावर फार वेळ घालवू नका, ती या वर्गात टिकणार नाही."

पाठ केलं होतं का हो तिने हे? कोणाकडून ऐकून?

मग मला विचारलं, "टिकणार नाही म्हणजे काय? मी तुटणार?"

मी काहीतरी बोलले आणि डब्यातलं धिरडं तोंडात कोंबलं, म्हणजे पुढे बोलावं लागू नये. त्या दिवसापासून मी तुमचं पत्र पर्समध्ये ठेवते, आणि रोज तिला समोर बसवून काहीतरी वाचायला देते: बियाण्यांचा कॅटलॉग, चर्चच्या जेवणावळीची जाहिरात, माझ्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल. सगळं वाचते. औषधाचं नाव मलाही नीट वाचता येत नाही, तिने वाचलं.

टिबेट्सकडे पुन्हा गेले होते. १७ तारखेच्या बैठकीत मला बसू द्या, म्हटलं. "बैठकीला वर्गशिक्षिका लागते. तुम्ही बदली आहात," म्हणाला. वर्गात रोज कोण असतं, विचारलं. "तो प्रश्न वेगळा," म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्न वेगळा असतो आणि उत्तर मात्र एकच.

मला राग आला आहे आणि तो मी झाकत नाही. तुम्ही तिला सप्टेंबरपासून पाहता असं लिहिलंत. मग बघितलंत काय?

आर्विला


रविवार, ७ एप्रिल

आर्विलाबाई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. ते वाक्य तिच्या आवाजात रोज ऐकू येतं. कोर्टात साक्षीदार बोलत असतो, आणि मध्येच तेच.

तुम्ही विचारलंत मी काय बघितलं. मी पुस्तक बघत होते, आर्विलाबाई. ते सरळ आहे की नाही.

टिबेट्ससरांना गेल्या आठवड्यात तीनदा फोन केला. म्हटलं, अहवाल परत घेते. म्हणाले, "नवं काही पाहिलंत का?" मी कशी पाहणार, मी तर दिवसभर कोर्टात! म्हणाले, "मग नवा अहवाल कशावर लिहिणार?" बैठक पुढे ढकला म्हटलं, तर जिल्ह्याच्या बाईंचा फेरा पुढे ढकलता येत नाही. बदलीबाईंना बसू द्या म्हटलं, तर ते करारात नाही. शेवटी मी ओरडले. ते म्हणाले, "पिनेटबाई, तुम्ही रजेवर आहात." जसं रजेवर असताना ओरडायलाही परवानगी नाही.

एकदा तुमच्यासमोर तिला वाचताना पाहावं म्हणून परवा सुटल्या सुटल्या निघाले. शाळेत पोचले तोवर बस गेली होती. काल तिच्या घरी गेले, तर शेजारीण म्हणाली, आजोबा नातीला घेऊन पाहुण्यांकडे गेलेत. मला वाटतं ते घरातच होते. पडदा हलला होता. दार मी पुन्हा वाजवलं नाही.

१७ तारखेला खटला संपलेला नसेल तर मी कोर्टात. बाराच्या आत सोडलं तर शाळेत, आणि तुम्ही घरी. कसंही करून आपण दोघी एका खोलीत येत नाही. ज्याने हे कलम लिहिलं त्याच्या घरी कधी दोन माणसं एकाच वेळी जेवली नसणार.

रोलांद


गुरुवार, ११ एप्रिल

रोलांद,

आता मी "तू" म्हणते, चालेल ना? तुझ्या आईएवढी आहे, आणि तुझ्यावर रागावून झालंय.

पडदा हलला तो म्हाताऱ्यानेच हलवला. मला म्हणाला, "ती बाई आली होती. मला वाटलं, पोरीला आत्ताच न्यायला आली." मी त्याला सांगितलं की तू तशी नाहीस. मग म्हणाला, "मग कशी आहे?" मी म्हटलं, "कडक. पण दार दुसऱ्यांदा वाजवलं नाही ना तिने?" त्यावर तो जरा विचारात पडला. बैठकीला टाय लावून येणार आहे, गेल्या वेळी बायकोच्या मयताला लावला होता तो.

जोझेट विचारत होती, "पिनेटबाई अजून सुटल्या नाहीत? त्यांनी केलं तरी काय?" मी म्हटलं, काही नाही केलं. ती म्हणाली, "मग सांगत का नाहीत तसं?"

हॅमंड फॉल्सची गाडी सकाळी अंधारात निघते. म्हणजे म्हाताऱ्याचा पेपर गेला, धिरडी गेली, टेबल गेलं. जिथे ती शिकली तेच तिच्याकडून काढून घेणार, तिला शिकता येत नाही म्हणून! मला रात्री झोप लागत नाही, आणि मी तर खाटेवर पडताक्षणी घोरणारी बाई.

तू बाराच्या आत सुटलीस तर ये. आलीस तर नुसतं "मला वाटतं ती वाचते" असं म्हणू नकोस, ठासून सांग. आणि देवाची शपथ आहे, तिच्या हातातलं पुस्तक सरळ करू नकोस.

आर्विला


बुधवार, १७ एप्रिल
कोर्टाच्या बाहेरचं बाक

आर्विलाबाई,

हे पत्र तुम्हाला आज मिळणार नाही, तरी लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी इथून उठून गाडी सुरू करीन.

साडेदहाला वकिलांची भाषणं संपली. कारकुनाने लाकडी डब्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या. पहिली त्या गाईवाल्यांची. दुसरी माझी.

पाच आठवडे! एक दिवस चुकवला नाही. प्रत्येक साक्षीदाराचा चेहरा लक्षात आहे, कोण कुठल्या प्रश्नाला पाणी प्यायला तेही. रात्री पडल्या पडल्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा जोखून शेवटी माझं मत पक्कं झालं होतं. न्यायाधीश म्हणाले, "आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत." बाराजण उठून आतल्या खोलीत गेले. त्यांतला एक तर जेवणानंतर रोज पेंगायचा. तो आत गेला. दार लागलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तुम्हाला काय वाटतं.

मी कारकुनाला म्हटलं, "मी सगळं ऐकलंय." तो म्हणाला, "हो ना, बाई. पण तुम्ही बदली." त्याने दिलेल्या दाखल्यावरही तेच छापलंय: बदली ज्युरर. म्हणजे आता या गावात दोन बदलीबाई झाल्या.

मी कोट चढवला. अजून अकराही झाले नव्हते. मनात हिशेब चालू होता: पोचले की तुम्हाला उठवतील, मी खुर्चीत बसेन, आणि ठासून सांगेन. तुम्ही सांगितलंत तसं.

दारापर्यंत गेले आणि थांबले. काय सांगणार होते मी? की ती वाचते. जिल्ह्याच्या बाई विचारतील, "तुम्ही पाहिलंत?" नाही. "मग कशावरून?" बदलीबाईंनी लिहिलं. आर्विलाबाई, पाच आठवडे मी याच एका गोष्टीवर माणसांना गप्प बसवलेलं पाहिलं आहे. साक्षीदार म्हणायचा, "शेजारी म्हणाला की धूर आधी मागून आला." की न्यायाधीश हात वर करायचे. "तुम्ही पाहिलंत का? नाही ना? मग ते ऐकीव. शेजाऱ्याला बोलवा." खुद्द मी खोलीत असले, तर तुम्हाला कोणी बोलावणार नाही. माझा सही केलेला अहवाल आणि माझं ऐकीव, दोन्ही एकाच तोंडाची. टिबेट्ससर अहवाल धरतील.

मी परत कारकुनाकडे गेले. "मला सोडलंय की थांबायला सांगितलंय?" त्याने कागद पाहिला. "निकाल येईपर्यंत बदलींनी हाताशी असायचं. आतला कोणी आजारी पडला तर लागतात. हवं तर घरी जाऊन फोनजवळ बसा, हवं तर इथे थांबा." मी म्हटलं, "इथे थांबले तर मी सुटले असं होत नाही ना?" तो म्हणाला, "बाई, इथे थांबणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही." मी म्हटलं, "मग आज बघा. आणि मला सोडाल तेव्हाचीच वेळ लिहा."

म्हणून बसले आहे. गाईवाले केव्हाच पळाले. बाक कडक आहे, आणि गाडीची किल्ली मी हातात धरली आहे, म्हणून अक्षर असं आलंय. आत माझ्याशिवाय निकाल चाललाय. तिकडे माझ्याशिवाय बैठक होणार. मी आयुष्यात इतकं काम करून इतकी निरुपयोगी कधी झाले नव्हते. रडू नाही, राग येतोय. सगळ्यांचा. त्या डब्याचा, टिबेट्ससरांचा, त्या पेंगणाऱ्या माणसाचा, आणि माझ्या स्वच्छ, मोठ्या, सुट्या अक्षराचा.

तुम्ही पाहिलंय. तुम्ही बोला.

अग्निशामक बंबाच्या ठाण्याचा भोंगा झाला. बारा वाजले.

रोलांद


गुरुवार, १८ एप्रिल

रोलांद,

तुझं पत्र आज सकाळी तू माझ्या गाडीच्या काचेवर लावून गेलीस ते मिळालं. बोलायला थांबली असतीस तर बरं झालं असतं, पण असो. तू थांबण्याचा कोटा काल संपवलास.

आता ऐक.

टिबेट्स बाराच्या आधीपासून खिडकीत उभा. भोंगा झाला तसा घड्याळाकडे बघतो, रस्त्याकडे बघतो. एक वाजता जिल्ह्याच्या बाई आल्या. पोक्त बाई, बुटांना चिखल, कोणाचं ऐकून घ्यायला वेळ नाही. म्हणाल्या, "वर्गशिक्षिका कुठे?"

"कोर्टात," टिबेट्स म्हणाला. "येतीलच."

"मग आज वर्गावर कोण आहे?"

"ह्या. पण ह्या बदली आहेत."

"किती दिवस?"

"त्या गेल्यापासून."

"मग बसा ना बाई! उभ्या कशाला? मुलीला पाहिलेलं कोणीतरी हवं की नको?"

मी बसले. तुझ्या जागी. म्हातारा माझ्या शेजारी, टाय इतका आवळलेला की लालबुंद.

तुझा अहवाल वाचला गेला. खरं सांगते, ऐकताना मलाही पटत होता, इतका नीटनेटका लिहिलायस. मग त्या बाईंनी जोझेटला बोलावलं, जवळ बसवलं आणि पुस्तक पुढे ठेवलं. सरळ. पोरगी गप्प. हळूच पुस्तक फिरवायला हात पुढे केला, तर टिबेट्स म्हणाला, "बघा. अहवालात आहे तेच."

तेव्हा मी म्हटलं, "तिला पलीकडे बसवा, तुमच्या समोर. पुस्तक तुमच्याच पुढे राहू द्या." माझा आवाज चढला होता, असं नंतर म्हातारा म्हणाला.

ती पलीकडे गेली आणि वाचायला लागली. बोट फिरवत, म्हाताऱ्याच्या चालीत. एक पान, दुसरं पान. टिबेट्स म्हणाला, "वर्गातलं पुस्तक आहे. पाठ असेल."

मला वाटलं, आता मी याला काहीतरी फेकून मारणार. पण जोझेट थांबली नाही. तिचं बोट पुस्तकावरून सरकलं, टेबलावरून पुढे गेलं, आणि टिबेट्सच्या वहीवर जाऊन थांबलं. तो समोरच बसला होता ना, वही तिला उलटीच होती. तिने वाचलं:

"पिनेटबाई अजून का आल्या नाहीत? कोर्टात फोन करणे. बाराच्या आत सुटल्या असल्यास आजचा पगार कापणे."

रोलांद, टिबेट्सने वही मिटली. म्हाताऱ्याने मला कानात विचारलं, "पेपरात आलंय का हे?" जिल्ह्याच्या बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "हे तरी तिने पाठ केलेलं नसावं, टिबेट्स."

हॅमंड फॉल्स नाही. जूनपर्यंत ती याच वर्गात, मग पुन्हा बघू, असं ठरलं. फार आनंदून जाऊ नकोस, मीही गेलेली नाही. तुझा नाताळचा अहवाल फाइलमध्येच राहणार, काढता येत नाही म्हणे. आणि बैठकीच्या कागदावर वर्गशिक्षिका म्हणून तुझं नाव टाइप केलंय, पुढे कंसात "रजेवर". माझं नाव लिहा म्हटलं, तर टिबेट्स म्हणाला, बदलीसाठी रकाना नाही. पाच आठवडे वर्ग मी घेतला, बैठकीत बोलले मी, आणि कागदावर मी कुठेच नाही. तुला आता हे समजावून सांगावं लागत नाही, एवढंच काय ते सुख. तू आज सकाळी देऊन गेलेला कोर्टाचा दाखला त्याने उजेडाकडे धरून दोनदा वाचला. वेळ बाराच्या पुढची आहे, पगार कापता येत नाही, बोंबलत बसला.

वखारवाला निर्दोष सुटला, ते तुला कळलंच असेल. तुझं मत काय होतं ते मी विचारणार नाही. कधी सांगावंसं वाटलं तर ऐकायला मी आहे.

तुझी रजा या आठवड्यापुरती मांडलेली आहे, तेव्हा सोमवारी तू परत येशील, मी तिसरीवर जाईन. कोणीतरी आजारी पडलंय. बाकं रांगेत लावून ठेवते, तुझी तू बघ. तुझं पहिलं पत्र पर्समधून काढून स्टोव्हमध्ये घातलं.

एकच निरोप. जोझेट जाता जाता विचारत होती, पिनेटबाई सुटल्या का. मी म्हटलं, सुटल्या. म्हणाली, "मग त्यांना सांगा, मी तुटले नाही."

सोमवारी तू टेबलाशी बस. ती समोर येऊन उभी राहील. पुस्तक तुझ्याकडे सरळ ठेव.

आर्विला